पायरीवरची संत्री

केप कोस्ट
१६ फेब्रुवारी २०१४

चि. अराबा,

या पत्त्यावर तूच राहतेस की दुसरं कुणी, ते मला माहीत नाही. तुझी शाळेतली मैत्रीण एडिथ काल आली होती, तिने दिला. तू बोट्स्वानात फ्रान्सिसटाउनच्या एका दवाखान्यात नर्स आहेस आणि बरी आहेस, एवढंच तिने सांगितलं. फोन नंबर कुणाला द्यायचा नाही असं तू तिला बजावलं आहेस, म्हणून मी मागितला नाही. पत्राबद्दल तू काही बजावलेलं नव्हतंस.

तुझी आई गेली. जानेवारीत गेली. इतके दिवस शवागारात ठेवलं होतं, काल तिला माती दिली, आज आभाराची उपासना झाली. मांडववाले खुर्च्या मोजून नेत आहेत आणि मी आतल्या खोलीत लिहितो आहे.

ती मिनीबसच्या स्टेशनवरच गेली. अक्राच्या गाडीची वाट बघत नीमच्या झाडाखालच्या बाकावर बसली होती. मांडीवर बायबल, डोळे मिटलेले. ड्रायव्हर आतोला वाटलं ती प्रार्थना करते आहे, म्हणून गाडी भरली तरी त्याने हॉर्न वाजवला नाही. गाडीतली माणसं ओरडायला लागली तेव्हा तो तिला उठवायला गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. तिने कधी छातीत दुखतं म्हणून सांगितलं नव्हतं. मला तरी नाही.

तू घर सोडून गेल्यावर तिचं गाड्यांमधलं बोलणं वाढलं. आधी ती आठवड्यातून एखाद्या दिवशी जायची, नंतर रोजच. गाडी गावाबाहेर पडली की ती जागेवर उभी राहायची, प्रार्थना करायची, देवाने काय केलं त्याची साक्ष सांगायची आणि मँकेसिमला उतरून दुसऱ्या गाडीने परत यायची. मी तिच्या गाडीत कधी बसलो नाही. मला लाज वाटायची. माझा विश्वास नाही असं नाही, हे तुला माहीत आहे. पण इतकी वर्षं सर्व्हेच्या ऑफिसात नकाशे काढताना शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही मी येशूचं नाव घेऊन काही बोललो नाही. तुझी आई अनोळखी माणसाला पाणी विचारावं तसं सहज विचारायची, "तुझं देवाशी कसं चाललंय?"

मातीला इतकी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. आपली मंडळी होतीच. पण त्याहून जास्त अनोळखी माणसं होती, लाल-काळ्या सुतकी कपड्यांत. मासे विकणाऱ्या बायका, एक पोलीस, कॉलेजची मुलं. स्टेशनच्या ड्रायव्हरांनी हाताला लाल फडकी बांधली होती आणि कबरस्तानापर्यंत हॉर्न वाजवत आले. आणि यांतली बरीच माणसं माझा हात हातात घेऊन एकच विचारत होती:

"पापा, ती परत आलेली मुलगी कुठे आहे? तिला भेटायचं होतं."

पहिल्यांदा वाटलं, घर चुकले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "कोणती मुलगी?" तेवढ्यात तुझी अबामावशी मध्ये पडली.

"आत आहे ती. प्रवासाने अंग मोडलंय बिचारीचं. झोपू द्या."

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, हे काय बोलतेस? ती म्हणाली, "अमिस्सा, तू गप्प बस. पन्नास माणसं विचारतायत. पन्नास जणांना समजावत बसू की जेवणाचं बघू? रडायचं काम तुझं, बोलायचं माझं."

त्यामुळे काल दिवसभर तू आतल्या खोलीत झोपलेली होतीस. एका बाईने तुझ्यासाठी झाकून मक्याच्या पिठाची केंकी आणि मासा ठेवला. शेवटी तो मीच खाल्ला.

मला यातलं काही कळलेलं नाही. कळलं तर लिहीन.

तुझे पापा


केप कोस्ट
३० मार्च २०१४

चि. अराबा,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल, किंवा पोचलं असेल. मी लिहितो.

त्या गोष्टीचा थोडा उलगडा झाला आहे आणि त्याने डोकं जास्तच फिरलं आहे.

तुझी आई गाडीत जी साक्ष द्यायची ती तुझ्याबद्दल होती. आतोने मला सगळी म्हणून दाखवली, त्याला पाठ आहे. माझी मुलगी रागावून गेली, असं ती सांगायची. चूक कुणाची ते प्रभूला माहीत, असं म्हणायची. मग सांगायची, मी तिचं ताट मांडायचं बंद केलं होतं. आणि एके दिवशी सकाळी मी बाजारातून आले तर ती मागच्या पायरीवर बसलेली. पिवळा फ्रॉक. मांडीत संत्री. सोलत होती, साल अशी लांब लोंबत होती, तुटली नव्हती. मान वर न करता म्हणाली, "आई, दार उघडं कसं ठेवलंस?" मी म्हटलं, "तुझ्यासाठीच." एवढं सांगून तुझी आई गाडीतल्या माणसांना विचारायची, तुमचं कोण यायचं राहिलं आहे? आणि देवाकडे जायचं तुमचं स्वतःचं राहिलं आहे का?

"लोक रडायचे, पापा," आतो म्हणाला. "मी स्वतः दोनदा गाडी बाजूला घेतलीय."

मी त्याला सांगितलं, माझी मुलगी कधीच आली नाही.

तो दचकला नाही. बॉनेट पुसत राहिला. "ते मला माहीत होतं," म्हणाला.

"माहीत होतं? मग?"

"आमच्या चर्चमध्ये असंच असतं. हवं ते आधी मिळालं म्हणून साक्ष द्यायची. देवाला पुरावा मागायचा नाही. विश्वासाने आधीच हातात घ्यायचं. माझ्या मेहुण्याने व्हिसा मिळाल्याची साक्ष दिली, अर्ज करायच्या आधी."

"मिळाला का?"

"व्हिसा नाही मिळाला. पासपोर्ट मिळाला."

मी हसलो. ती गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसलो, आणि लगेच मला अपराध्यासारखं वाटलं.

आपण मेथडिस्ट. आपल्यात जे घडलं त्याची साक्ष देतात. मुलाला परीक्षेत यश मिळालं, ऑपरेशन पार पडलं. निकालाआधी उभं राहून आभार मानलेले मी कधी ऐकले नाहीत. तुझी आईही आपल्या चर्चमध्ये रविवारी तुझ्याबद्दल शब्द काढायची नाही. सोमवारी गाडीत मात्र तू आलेली असायचीस. मी पाळकांना विचारलं. ते बराच वेळ चष्मा पुसत होते आणि म्हणाले, "बंधू अमिस्सा, दुःखात माणूस पुष्कळ बोलतो." याचा अर्थ त्यांनाही माहीत नाही असा मी घेतला.

हे एवढ्यावर मिटलं असतं. पण गेल्या मंगळवारी एक बाई आली. ओतूवा नाव, अपामची, धुरावर मासे सुकवते. हातांना तो वास. बसली नाही, उंबऱ्यात उभी राहिली.

"गाडीत साक्ष देणाऱ्या मामे डोर्कसचं घर हेच ना? मला तुमच्या मुलीशी बोलायचंय."

अबामावशी घरी नव्हती. मी म्हटलं, मुलगी इथे नाही.

"कधी येईल?"

मी म्हटलं, सांगता येत नाही.

तिचा मुलगा एकोव वाळवंटातून लिबियाला निघाला होता. अगादेझपर्यंत फोन आला, नंतर नाही. बरोबर गेलेल्यांपैकी एक जण परत आला आहे आणि तो म्हणतो, त्यांची गाडी बंद पडली होती. पुढचं बोलत नाही. घरच्यांचं ठरलं आहे, आता मुलाचं क्रियाकर्म करून टाकायचं. शवपेटी नाही, कबर नाही, नुसती उपासना आणि जेवण, म्हणजे आत्म्याला वाट मिळेल आणि बायकोला दुसरं लग्न करता येईल. आई हो म्हणेना म्हणून ते थांबले आहेत. आणि ती का हो म्हणत नाही, तर तुझ्या आईने मँकेसिमच्या गाडीत तिला सांगितलं की माझी मुलगी आली.

"तुमच्या मुलीने मला फक्त सांगावं," ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी माणूस येतो म्हणून. ती म्हणाली तर मी भावांच्या तोंडावर दार लावीन. नाही म्हणाली तर त्यांना म्हणेन, करा. पण मला तिच्या तोंडून ऐकायचंय. तुमच्या बायकोवर माझा विश्वास आहे, पण ती आता बोलू शकत नाही."

मी काय बोलावं? खरं सांगितलं तर तिचा मुलगा त्या दिवशी माझ्या हातून मरतो. खोटं सांगितलं तर तिची सून आणि सगळं घर माझ्यामुळे अडकून पडतं. मी म्हटलं, मी तुम्हाला कळवतो. ती म्हणाली, "लवकर कळवा, पापा." आणि जाताना मागच्या बाजूला जाऊन पायरी बघून आली.

मी एक गोष्ट विचारतो, रागावू नकोस. तू खरंच आली होतीस का? मी घरात नसताना? आणि तिने ते माझ्यापासून लपवलं का? मी सगळीकडून विचार करून पाहिला आहे. ते पिवळ्या फ्रॉकचं, सालीचं, इतकं बारीक आहे की मला ते आता दिसायला लागलं आहे. कधी कधी वाटतं, मीच त्या सकाळी घरात होतो.

पापा


केप कोस्ट
२२ जून २०१४

चि. अराबा,

तुझं पत्र आलं. चारच ओळी आहेत, पण तुझं अक्षर बदललेलं नाही. 'स' अजून तसाच उताणा काढतेस.

"मी आले नव्हते. मला त्या पायरीचं काही माहीत नाही. संत्र्याने माझ्या तोंडाला फोड येतात, तुम्हाला आठवत नाही का? माझ्याबद्दल अनोळखी माणसांना सांगायचा तिला काय अधिकार होता?"

फोडांचं मला माहीत नव्हतं. अबामावशीला विचारलं, ती म्हणाली, "पोरीला लहानपणापासून आहे ते! तू कुठल्या देशाचे नकाशे काढत होतास?" म्हणजे तुझ्या आईलाही माहीत असणारच. मग तिने गोष्टीत संत्री का घातली ते कळत नाही. आतोला पुन्हा विचारलं, त्या गोष्टीत मुलगी संत्री खाते का? तो म्हणाला, नाही, नुसती सोलते. आईसाठी सोलते.

अधिकाराचं तू विचारलंस. इथल्या हॉस्पिटलात तुझ्या वॉर्डात त्या आजारी माणसाच्या खाटेशी बसून, डॉक्टरांनी सांगायच्या आधी, "तू आता जाणार आहेस, देवाशी सगळं नीट करून घे," असं म्हणायचा अधिकार तिला कुणी दिला होता, हेही तू त्या दिवशी विचारलं होतंस. तो रात्रभर रडला आणि दुसऱ्या दिवशी गेला, आणि बोलणी तू खाल्लीस. मेट्रनने सगळ्या वॉर्डासमोर ऐकवलं. तुझी आई म्हणायची, तो शांत होऊन रडत होता. तू म्हणायचीस, तो घाबरून रडत होता. मी तिथे नव्हतो. तू घरी येऊन म्हणालीस, "आई, तुला माणसं दिसतच नाहीत. तुला नुसते आत्मे दिसतात." आणि बॅग भरलीस. ते वाक्य तिने मला नंतर पुष्कळदा विचारलं. "खरंच तसं आहे का हो?" मी म्हणायचो, झोप आता.

तुझं पत्र मी ओतूवाला दाखवणार नव्हतो, पण आता मला तिच्याकडे जाणं भाग होतं. गेल्या गुरुवारी निघालो. आतोचीच गाडी होती. मी मागे खिडकीशी बसलो. गाडी गावाबाहेर पडली, समुद्र दिसायला लागला, आणि त्याने आरशातून मला हेरलं.

"बंधुभगिनींनो, आज मामे डोर्कसचे मालक आपल्या गाडीत आहेत. ते प्रार्थना करतील."

मी मान हलवून नाही म्हटलं. पुढची एक जाडजूड बाई वळून म्हणाली, "पापा, लवकर करा. प्रार्थनेशिवाय त्या वळणावरून मी जात नाही. गेल्या महिन्यात तिथे टँकर उलटलाय."

मी उभा राहिलो. डोकं टपाला लागलं. मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण तुझ्याबद्दल होतं आणि तुला कळायला हवं.

मी म्हटलं, "मी अमिस्सा. माझ्या बायकोने तुम्हाला सांगितलं की आमची मुलगी परत आली. ती आलेली नाही. तिचं पत्र आलं आहे. ती रागावलेली आहे."

मग मागून एक जण म्हणाला, "ही साक्ष झाली की बातम्या?"

काही जण हसले. जाडजूड बाई म्हणाली, "गप रे. पत्र आलं ना? माझ्या मुलाचा कुमासीहून साधा मिस्ड कॉलपण येत नाही." एका म्हाताऱ्याने विचारलं, "रागावलीय म्हणजे काय लिहिलंय?" मी म्हटलं, ते घरातलं आहे. तो म्हणाला, "बरोबर आहे, घरातलं घरात." आणि मला एकदम बरं वाटलं. निदान एवढं तरी तुझं तुझ्याकडे ठेवता आलं.

प्रार्थना मात्र राहिलीच होती. मी म्हटलं, "प्रभू, ही गाडी नीट पोचव. आणि ज्यांची माणसं पोचली नाहीत त्यांच्याकडे बघ. आमेन."

"एवढंच?" बाई म्हणाली.

"देवाला कळलं, मामे," आतो म्हणाला आणि गिअर टाकला.

मी खाली बसलो. शेजारच्या तरुणाने कानातली वायर काढून विचारलं, "पापा, तुम्हाला खरंच वाटतं कुणी ऐकतं?" मला त्याच्याकडे बघवेना. मी म्हटलं, "माझ्या बायकोला वाटायचं." तो म्हणाला, "मी तुम्हाला विचारलं." मी म्हटलं, "हो." कुणा अनोळखी माणसाला मी हे पहिल्यांदा सांगितलं. त्याने मान हलवली आणि वायर परत कानात घातली. पुढे काही झालं नाही.

ओतूवा अंगणात भट्टीवर मासे पलटत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मुलगी आली नव्हती. एकदाही नाही. ती बोट्स्वानात आहे, तिने तसं लिहून कळवलं आहे.

तिने जाळी खाली ठेवली. "म्हणजे ती माझ्या शेजारच्या सीटवर बसून, माझा हात धरून, खोटं बोलली?"

"काही लोक त्याला विश्वास म्हणतात."

"तुम्ही काय म्हणता?"

"मला माहीत नाही."

"शिकलेले आहात ना? एवढं माहीत नाही?"

ती पाठ करून मासे पलटायला लागली. धूर माझ्या डोळ्यांत जात होता, पण निघावं की थांबावं ते कळेना. माझ्याकडे न वळताच ती म्हणाली, "रडायची का ती घरी? मुलीसाठी?"

मी म्हटलं, माझ्यासमोर कधी नाही. सकाळी मागचं दार उघडं टाकून बाजारात जायची. मी ओरडायचो, शेळ्या शिरतात म्हणून.

ती वळली. "मला वाटायचं, ती पलीकडे पोचलेली बाई आहे. तिचं झालं, म्हणून तिला बोलता येतं. मी घरी येऊन स्वतःलाच कोसायची, की तिच्याइतका विश्वास तुझा नाही, म्हणून तुझा येत नाही. ती तर माझ्याच बाकावर बसली होती, पापा."

मग तिने मला एक मासा केळीच्या पानात बांधून दिला. मुलाबद्दल काय ठरवलं ते सांगितलं नाही. तुझं नाव विचारलं. तुझ्या आईने गाडीत कधीच तुझं नाव घेतलं नव्हतं म्हणे. मी सांगितलं. सांगायला नको होतं का?

पापा


केप कोस्ट
७ सप्टेंबर २०१४

चि. अराबा,

तू पुन्हा लिहिलंस. एकच प्रश्न, "त्या बाईचा मुलगा आला का?" म्हणून लगेच कळवतो.

नाही आला. काल त्याचं क्रियाकर्म झालं.

ओतूवाने भावांना स्वतःच सांगितलं की करा, सुनेला अडकवून ठेवायचा मला हक्क नाही. मला निरोप पाठवला की तुम्ही या आणि माझ्या शेजारी बसा. मी गेलो. मांडव, स्पीकर, समोर टेबलावर मुलाचा फोटो आणि हार. सगळं घर काळ्यात. मीही काळ्यात, माझं वर्ष अजून संपलेलं नाही. आणि ती आतून बाहेर आली ती पांढऱ्यात. डोक्यापासून पायापर्यंत पांढरं, आनंदाच्या दिवशी, बाळाच्या बारशाला नेसतात तसं.

तिचा थोरला भाऊ उठून आला. "ओतूवा, हे काय? लोकांसमोर? वेड लागलं का तुला?"

"तुमचं तुम्ही करा, दादा," ती म्हणाली. "उपासना करा, जेवण घाला, मी अडवत नाही. पण मी काय नेसायचं ते मी ठरवणार."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्यांना जेवायला मिळणार आहे ना?"

ती माझ्या शेजारी येऊन बसली. येणारी माणसं रांगेने हात मिळवत होती. माझ्यापाशी आली की म्हणत, "दुःख सोसायची शक्ती मिळो." तिच्यापाशी आली की थबकत. पांढऱ्यातल्या बाईला काय म्हणायचं ते कुणाला सुचेना. एक म्हातारी गोंधळून "अभिनंदन" म्हणाली. ओतूवाने तिचे आभार मानले.

नंतर मी तिला हळूच विचारलं, तुम्हाला वाटतं तो आहे? ती म्हणाली, "नाही वाटत. पण आई म्हणून मी काळं नेसणार नाही."

मी घरी येताना गाडीत हाच विचार करत होतो. तिला तो नाही असं वाटतं, आणि तिने पांढरं नेसलं. मग तो विश्वास झाला की काय झालं? की तुझ्या आईलाही तसंच वाटत होतं? मी नकाशे काढायचो तेव्हा प्रत्यक्ष मोजलेली रेघ अखंड काढायची आणि न मोजलेली तुटक काढायची, असा नियम होता. तुझ्या आईने सगळ्याच रेघा अखंड काढल्या.

जानेवारीत वर्षाची आभारोपासना आहे. मी काळं उतरवून पांढरं नेसेन. ये असं मी म्हणत नाही. तारीख फक्त कळवतो, रविवार, १८ जानेवारी. ओतूवा येणार आहे.

पापा


केप कोस्ट
शनिवार, १७ जानेवारी २०१५

चि. अराबा,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. मागच्या दाराच्या कडीला अडकवून ठेवतो आहे.

"रजेचं बघते," असं तू लिहिलंस. त्यानंतर काही नाही. एडिथलाही माहीत नाही. रजेचं बघते म्हणजे येते असं नाही, एवढं मला कळतं.

पण काल मी मँकेसिमला खुर्च्यांचं सांगायला निघालो होतो. आता मी गाडीत चढलो की आतो विचारत नाही, नुसता आरशातून बघतो, आणि मी उभा राहतो. छोटीशीच प्रार्थना असते, लोक हसतात. काल ती जाडजूड बाई पुन्हा होती. तिने सगळ्यांसमोर विचारलं, "काय पापा, आली का तुमची मुलगी?"

मी 'माहीत नाही' म्हणणार होतो. मी म्हटलं, "येते आहे."

गाडीतली सगळी माणसं टाळ्या वाजवायला लागली. कुणी तरी गाणं धरलं. मला सांगायचं होतं की थांबा, तसं नाही, तिने फक्त रजेचं बघते असं लिहिलं आहे. पण त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? आणि खरं सांगतो, मला ते थांबावं असं वाटलंही नाही. मी खोटं बोललो का, ते तू आलीस तर सांग. नाही आलीस तरी सांग.

मी आता ओतूवाला आणायला अपामला जातो आहे. तिचा पाय दुखतो, एकटीने गाडी बदलणं जमत नाही. दुपारी परत येऊ. अबामावशी चर्चमध्ये फुलं लावते आहे, तिला हाक मारू नकोस, ती ओरडत सुटेल.

दार उघडं आहे. शेळ्या आल्या तर हाकल. रस्सा पातेल्यात आहे, केंकी फडक्यात गुंडाळली आहे. तुझ्यासाठी पेरू आणले आहेत, ते कपाटावर.

संत्री पायरीवर टोपलीत आहेत. सुरी त्यातच आहे. तू खाऊ नकोस. सोलून ठेवलीस तर मी आल्यावर खाईन.

पापा